जुन्या सायकलीची पारख

नव्या वस्तूचा भार विकणाऱ्यावर असतो, जुन्या वस्तूचा घेणाऱ्यावर. सायकलीच्या बाबतींत तर हें विशेष खरें आहे; कारण सायकल म्हणजे अनेक सुट्या भागांचें एकत्र कुटुंब होय. वर्षें लोटतात तसतसा त्यांतील एकेक भाग बदलला जातो, आणि शेवटीं नांव मूळचें राहून अंग परकें होतें.

पूर्वी वाटसरू येथें घोडे बदलीत म्हणून बदलापूर हें नांव पडलें, असें लोक सांगतात. त्याच बदलापुरांतील कात्रप येथें गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही आमच्या भाच्यासह एक जुनी सायकल पाहण्यास गेलों. शाळेच्या रिक्षाचें भाडें वाचावें म्हणून त्याच्या आईनें वर्षभर पैसे बाजूस टाकले होते. ते वायां जाऊं नयेत, ही आमच्यावर जबाबदारी होती.

सायकल नव्या रंगानें चकाकत होती. "मामा, घेऊंया ना!" असें भाचा हळूच म्हणाला. आम्ही रंग सोडून टायर पाहूं लागलों. दोहोंवर '२६' हाच आंकडा होता. परंतु जवळच पुढच्यावर '५०-५५९' व मागच्यावर '३७-५९०' असे बारीक आंकडे उठविलेले होते. विद्यार्थिमित्रांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. २६ हें टायरसह चाकाच्या उंचीचें ढोबळ माप. रिमचें खरें माप शेवटच्या तीन आंकड्यांत असतें. येथें दोन रिमांत ३१ मिलिमीटरांचा, म्हणजे सुमारें सव्वा इंचाचा फरक होता.

मागचें चाक दुसऱ्याच जातीच्या सायकलीचें होतें. तें बसलें होतें, फिरतही होतें. परंतु ब्रेकचें रबर रिमच्या खालच्या कडेलाच जेमतेम टेंकत होतें. उतारावर जोरानें ब्रेक दाबला असतां रबर घसरून आऱ्यांत शिरण्याचें भय होतें. मग प्रश्न केवळ पैशांचा उरला नाहीं.

विकणारे गृहस्थ सज्जन होते. त्यांनाही ती सायकल तशीच मिळाली होती. आम्ही शांतपणें दोष दाखवितांच त्यांनीं योग्य चाकाची किंमत वजा करण्याचें मान्य केलें. चाक बदलेपर्यंत भाच्यानें सायकल हातानेंच ढकलीत नेली.

आणखीही कांहीं गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. नव्या चेनच्या अर्ध्या इंचाच्या २४ कड्या पट्टीवर बरोबर १२ इंच भरतात. त्या १/८ इंचानें वाढल्या असल्यास चेन झिजली असें समजावें. डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात. तें तिरकें बसलें असल्यास कोणी तरी चुकीचें पेडल बळेंच पिळलें असावें. सायकल कोठून आली हें विचारून लेखी पावती घ्यावी, म्हणजे चोरीचा माल घरांत येणार नाहीं.

परका भाग वाईटच असतो असें मात्र नव्हे. इंग्लंडांतील नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीच्या जुन्या सायकली मजबुतीबद्दल नांवाजलेल्या आहेत. परंतु त्यांतील पुष्कळांच्या क्रँकचा आंस धरणाऱ्या वाट्यांस इंचास २६ आटे, तर इतर बहुतेक ब्रिटिश सायकलींस २४ असत. अशी वाटी झिजली कीं गल्लींतल्या दुकानांतली दुसरी तींत चालत नाहीं, आणि उत्तम सायकल एका वाटीपायीं भिंतीशीं टेंकून राहते. म्हणून प्रत्येक भागास हात लावून एकच प्रश्न विचारावा: हा मोडला तर जवळच्या दुकानांत याच मापाचा दुसरा मिळेल काय?

असा प्रश्न विचारण्यास कोणीही लाजूं नये, आणि पालकांनींही मुलांस तो विचारूं द्यावा. घरच्या माणसांनीं पोटास चिमटा घेऊन सांठविलेल्या पैशांचा मान अशा चिकित्सेनेंच राखला जातो, इतकेंच सांगून हा लेख पुरा करतों.