शिक्का न मारलेले तिकीट

निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून आधी घराला रंग दिला, मग माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर अनेक वर्षे लांबलेल्या परदेश प्रवासाची पाळी आली. मुलीने बजावले होते, "आठ दिवसांत सहा देश नकोत, बाबा. एकच शहर निवांत पाहा." म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता व्हिएन्नाला गेलो.

शनिवारी सायंकाळी आम्ही पोचलो. आमची मोठी बॅग मात्र पोचली नाही. तिच्यात माझे सगळे कपडे होते. सौ.च्या दृष्टीने त्याहून मोठी हानी म्हणजे शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो बिनलसणाचे भडंग. दुसऱ्या दिवशी रविवार. त्या दिवशी तेथील बहुतेक सारी दुकाने बंद असतात, हे आम्हाला रस्त्यावर आल्यावर कळले. रात्री धुतलेला, अजून ओलसर असलेला सदरा घालून मी ते सुंदर शहर पाहत हिंडलो. उपाहारगृहात शाकाहारी म्हणून जे मिळे त्यात बटाटा हमखास असे, आणि तोच आम्हाला वर्ज्य. पाव, फळे आणि चीज यांवर तो दिवस निभावला.

सोमवारी मला एक जुनी बँक पाहायची होती. त्यासाठी दिवसभराची दोन तिकिटे काढली. तेथील भुयारी रेल्वेच्या स्थानकांत उघडझाप करणारी दारे नाहीत. प्रवेशापाशी एक छोटी पेटी असते, तिच्यात तिकीट सरकवून प्रवाशाने आपण होऊन शिक्का उमटवायचा आणि आत जायचे. चौतीस वर्षे लोकांच्या कागदांवर शिक्के मारणारा मी त्या पेटीजवळून सरळ पुढे निघून गेलो.

गाडीत साध्या वेशातील एक तपासनीस बाई आल्या. आमची कोरी तिकिटे त्यांनी उलटसुलट करून पाहिली. डब्यातील सगळे आपल्याकडेच पाहत आहेत, असे मला वाटले. उभ्या आयुष्यात बिनतिकीट प्रवास न केलेला माणूस मी! घशाला कोरड पडली. इंग्रजीत कसेबसे म्हणालो, "आम्हाला ठाऊक नव्हते."

ते शब्द तोंडून बाहेर पडले आणि मला शिरोळ तालुक्यातील एक शाखा आठवली. नोव्हेंबर महिना, हयातीचे दाखले देण्यासाठी आलेल्या पेन्शनरांची रांग. एक वृद्धा एस.टी.ने आली होती. फॉर्मवर पेन्शनचा क्रमांक नव्हता आणि पासबुक घरी राहिले होते. "मला कुठं ठावं हुतं, साहेब," ती म्हणाली. मी फॉर्म परत सरकवला. "उद्या पासबुक घेऊन या." नियमाने मी बरोबरच होतो. काउंटरची कड धरून ती क्षणभर उभी राहिली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली की नाही, हे मी पाहिलेही नाही.

तपासनीस बाईंनी दंड घेतला, पूर्ण घेतला. एका सेंटाचीही सूट दिली नाही. पण आवाज चढवला नाही आणि रीतसर पावती दिली. पुढच्या स्थानकावर त्या आमच्याबरोबर उतरल्या, आम्हाला पेटीपाशी नेऊन दोन्ही तिकिटांवर शिक्के मारायला लावले आणि कोठे गाडी बदलायची ते आमच्या नकाशावर पेन्सिलीने खूण करून दाखवले. जाताना हसून हातही हलवला. नियम पाळायचा तर माणसाला थोडे दुखवावेच लागते, असे मी नोकरीभर समजत आलो होतो.

मग ती बँक पाहिली. सामान्यांच्या लहान बचतींसाठी ही पोस्टल बचत बँक १८८३ साली स्थापन झाली. आपल्याकडील पोस्टाची बचत बँक त्याच्या एकच वर्ष आधीची. ओटो वाग्नर या वास्तुविशारदाने १९०४ ते १९०६ या काळात उभारलेल्या या इमारतीत आता बँक नाही, पण तिचा मुख्य कक्ष पाहता येतो. वर काचेचे छत आणि पायाखाली काचेच्या ठोकळ्यांची जमीन. अंधाऱ्या खिडकीपाशी वाकून उभे राहण्याचा प्रसंगच तेथे कोणा खातेदारावर आला नसेल. सौ. बाहेरच्या बाकावर पाय मोकळे करीत बसली होती. मी बराच वेळ आत उभा राहिलो.

बुधवारी बॅग आली. त्या दिवशी सायंकाळी आम्ही शोनब्रुन राजवाड्याच्या उद्यानात गेलो. उद्यानाला प्रवेशमूल्य नाही. जूनमध्ये तेथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे आठ वाजता बाकावर पिशवी उघडतानाही सौ.चा सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम अबाधित होता. "हा नेम इतका सोपा कधीच नव्हता," ती म्हणाली. जवळ नळाचे पाणी भरून घेतलेली बाटली होती. आल्प्सच्या झऱ्यांचे हे पाणी १८७३ पासून केवळ उताराच्या बळावर शहरात येते. इतके गोड आणि गार की विकतचे घ्यावेसे वाटू नये. समोर टेकडीवरील कमानींवर ऊन रेंगाळत होते. भडंग, पाणी आणि ऊन. साऱ्या सहलीत याहून चांगले जेवण झाले नाही.

रात्री मी खर्चाची वही काढली. दंडाची रक्कम कोणत्या शीर्षकाखाली दाखवावी, सुचेना.

"अहो, शिकवणीची फी म्हणून लिहा," सौ. म्हणाली. मी तसेच लिहिले.

परत आल्यावर त्या वृद्धेचा शोध घेण्याचे मनात आले, पण नाव आठवत नव्हते. आठवत होती ती काउंटरची कड धरलेली बोटे. नोव्हेंबर लागला तेव्हा जयसिंगपुरातील आमच्या जुन्या शाखेच्या व्यवस्थापकांना विचारून दारापाशी एक टेबल टाकून घेतले. रोज सकाळी दोन तास तेथे बसून हयातीच्या दाखल्याचे फॉर्म भरून दिले. ज्यांचे पासबुक घरी राहिले, त्यांना ते आणायला परत जावेच लागले. नियम बदलणे माझ्या हाती नव्हते. पण आधी त्यांना खुर्चीवर बसवले, पाणी दिले, आणि काय काय आणायचे ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिले. दुसऱ्या दिवशी ते आले की नाही, हेही पाहिले.