आमचे गोरखपूर

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी माझ्या दहा वर्षांच्या मुलीला शाळेतून घरी लिहून आणण्यासाठी एक विषय मिळाला: ‘आपल्या वस्तीचा इतिहास व भूगोल.’ मर्यादा एका पानाची होती. त्याच आठवड्यात आमच्या परसातील विहीर बुजवण्यासाठी मुरुमाच्या गाड्या यावयाच्या होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे त्या वेळी घरात कोणाच्याही मनात आले नाही.

आमचे घर जबलपुरातील गोरखपूर या भागात आहे. नाव ऐकताच गोरक्षनाथांचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच. परंतु लोकांना त्याआधी आठवते ते उत्तर प्रदेशातील मोठे गोरखपूर. माझे लग्न ठरले तेव्हा गोंदियातील आमच्या शेजारणी ‘पोर गोरखपुरात दिली’ एवढे ऐकून आईकडे कळवळून पाहत. मुलगी नेपाळच्या सीमेपाशी चालली, अशी त्यांची समजूत झाली होती. ‘जबलपुरातले गोरखपूर हो,’ असे आईला दहा ठिकाणी सांगावे लागले. शहराने पोटात घेतलेल्या वस्त्यांच्या नशिबी हे यावयाचेच. त्यांची ओळख नेहमी दुसऱ्याच्या आधाराने करून द्यावी लागते.

मुलीला एका पानाचा मजकूर सांगणे मला अवघड वाटले नाही. अनुवाद व संपादन हा माझा रोजचा व्यवसाय. मी सांगत गेले आणि ती लिहीत गेली. प्रथम त्रिपुरीचे कलचुरी आले. आज तेवर या नावाने ओळखले जाणारे ते गाव एके काळी त्यांची राजधानी होते. दहाव्या शतकात तेथील युवराजदेवाच्या पदरी कवी राजशेखर होता व ‘विद्धशालभंजिका’ ही त्याची नाटिका तेथे रंगली होती. या राजशेखराचा पणजा अकालजलद ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणून गौरवला जाई, हे सांगताना माझा स्वर किंचित चढलाही असेल. त्यानंतर गढ्याचे गोंड राजे आले, संग्रामशाह आला, १५६४ साली मोगलांशी लढताना देह ठेवणारी राणी दुर्गावती आली. १७८१ मध्ये सागरचे मराठे, त्यांच्यामागून नागपूरकर भोसले आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रज, असा क्रम लावून मी १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसपर्यंत पोहोचले. सुभाषचंद्र बोस तिचे अध्यक्ष होते. पान भरले.

मुलीने ते वाचून पाहिले व म्हणाली, “आई, हे सगळे जबलपूरचे झाले. आपल्या गोरखपूरचे काय?”

इतरांच्या लेखांतील विषयांतरावर जन्मभर तांबडी पेन्सिल चालवणारी मी निरुत्तर झाले. झोपाळ्यावर बसलेले माझे सासरे, अण्णा, हे सारे ऐकत होते. त्यांचा जन्म याच घरातला. ते उठले आणि नातीला म्हणाले, “चल पोरी, गच्चीवर. तुझे पान तेथे आहे.”

मीही मागोमाग गेले. पश्चिमेकडे मदनमहालाच्या टेकड्या दिसत होत्या. काळसर ग्रॅनाइटचे प्रचंड गोल गोटे एकावर एक रचून ठेवावेत, तशा त्या आहेत. माथ्यावर गोंडांचा छोटासा महाल. तो राजा मदनसिंहाने बांधला असे परंपरा सांगते. त्याच टेकड्यांत एक भली मोठी शिळा दुसरीवर इतकी थोडी टेकलेली आहे की, आता पडेल असेच पाहणाऱ्याला वाटावे. टेकड्यांच्या पलीकडे गढा, अलीकडे आम्ही. दक्षिणेस ग्वारीघाटाची नर्मदा. “हा आपला भूगोल,” अण्णा म्हणाले. “वर दगड, खाली नदी आणि मध्ये आपण. आता सांग, पाणी कोठे थांबते?”

मुलीला उत्तर आले नाही. खरे सांगावयाचे तर मलाही आले नाही.

अण्णांनी जे समजावून सांगितले, ते थोडक्यात असे. येथे वर्षाला सरासरी सव्वाशे सेंटीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे आभाळाने काही उणे ठेवलेले नाही. परंतु ग्रॅनाइट हा कंजूष दगड आहे. तो स्वतःच्या पोटात पाणी घेत नाही. पाणी राहते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या, भुसभुशीत थरात. पावसाला आडवून धरले नाही, तर ते टेकडीवरून सरळ घसरते व नदीला मिळते. म्हणून जुन्या लोकांनी सखल जागा पाहून बांध घातले आणि तलाव केले. तलावातील पाणी सावकाश झिरपते व आसपासच्या विहिरींना वर्षभर पुरते. राणीताल दुर्गावतीचा, चेरीताल तिच्या दासीचा आणि अधारताल तिच्या अधारसिंह नावाच्या दिवाणाचा, असे लोक आजही सांगतात. राणीपासून दासीपर्यंत प्रत्येकाच्या नावे एक तलाव असावा, ही त्या काळची कीर्तीची कल्पना होती. टेकड्यांच्या पायथ्याशी असलेला संग्रामसागर संग्रामशाहाच्या नावाने ओळखला जातो. जबलपुरात असे बावन्न ताल होते, अशी ख्याती आहे.

“आणि आपल्या शेजारचा हाथीताल?” मुलीने विचारले. “तेथे तर माझी मैत्रीण राहते. तेथे पाणी कोठे आहे?”

“नाव उरले आहे, पोरी,” अण्णा म्हणाले.

त्या एका वाक्याने मला थांबवले. मी कितीदा तरी हाथीतालला गेले असेन. रिक्षावाल्याला ते नाव सांगितले असेल. परंतु ‘ताल’ म्हणजे तळे, हा अर्थ त्या क्षणापर्यंत माझ्या कानांत उमटला नव्हता. शब्दांवर पोट भरणाऱ्या बाईला याची लाज वाटावी, तशी ती मला वाटली. मऱ्हाताल म्हणावे आणि दुकाने पाहावीत. हाथीताल म्हणावे आणि घरे पाहावीत! आमच्या शहरातील कित्येक पत्ते म्हणजे बुजलेल्या पाण्याच्या समाध्याच आहेत.

त्यानंतर मुलगी रोज सायंकाळी अण्णांपाशी वही घेऊन बसू लागली. मी लांबून ऐकत असे. गोरखपुराचा इतिहास हळूहळू बाहेर येऊ लागला आणि त्यात राजे फार थोडे होते. १८६१ ते १९५६ अशी पंचाण्णव वर्षे नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात होती. त्यामुळे कचेऱ्यांतील आणि शाळांतील मराठी माणसे बदली होऊन इकडे येत व येथेच रमत. अण्णांचे वडील त्यांपैकीच एक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली, जबलपुरास उच्च न्यायालय आले आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. सीमा सरकली, घर जागीच राहिले. त्यापूर्वी, फाळणीनंतर सिंध-पंजाबातून उखडून आलेली कुटुंबे शहरात आली व गोरखपूरच्या बाजारातही त्यांनी दुकाने मांडली. अण्णांच्या पाटीवरील पहिली अक्षरे मराठी, शाळेची भाषा हिंदी आणि खेळातील शिव्या मात्र पंजाबी, असे ते स्वतःच हसून सांगत.

मग हाऊबागचे स्टेशन आले. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यातून घातलेला अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग नैनपूर, बालाघाट करीत गोंदियास जाई. ती छोटी गाडी आमच्या घराजवळच्या या स्टेशनावरून सुटे. मी नववधू म्हणून याच गाडीतून आले. गाडी इतकी सावकाश चढण चढत होती की, माहेर दूर जात आहे हे मनाला कळावयास भरपूर अवधी मिळाला. २०१५ मध्ये ती बंद झाली. आता रुंद मार्गावरून मोठ्या गाड्या जातात, प्रवासाचा वेळ वाचतो, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु हाऊबागला आता कोणी उतरत नाही.

शेवटी अण्णांनी २२ मे १९९७ ची पहाट सांगितली. नर्मदेचे खोरे वरून शांत दिसत असले, तरी त्याच्या खाली भूकवचातील प्राचीन भेग आहे. त्या पहाटे चार वाजून गेल्यावर भूकंप झाला. शहरात व आसपास तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हजारो घरांना तडे गेले. आमच्या माजघराच्या भिंतीवरची तिरपी रेघ त्याच दिवसाची आहे. “त्या सकाळी गल्लीत वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते,” अण्णा म्हणाले. “आपल्या विहिरीचे पाणी आधी गढूळ झाले. दुपारपर्यंत निवळले. मग सगळी गल्ली तीन दिवस याच रहाटावर होती. सिंधी, पंजाबी, आपली माणसे. कोणी कोणाला विचारले नाही.” जरा थांबून त्यांनी पुढे म्हटले, “आणि टेकडीवरचा तो दगड जागचा हललाही नाही.”

विहीर बुजवू नका, असे अण्णा एकदाही म्हणाले नाहीत. घर आता मुलाच्या हाती दिले आहे, या मर्यादेने ते वागत. विहीर बुजवून तेथे भाड्याची एक खोली काढावी, हा विचार माझा व माझ्या यजमानांचा होता. मुलीच्या पुढील शिक्षणाचा खर्च समोर दिसत होता. नर्मदेचे पाणी नळाने घरात येत असता विहिरीचे काय काम, हा आमचा युक्तिवाद. तो सर्वस्वी खोटा होता असे मी आजही म्हणणार नाही.

परंतु रविवारी रात्री मुलीने नवे पान वाचून दाखवले. त्याचा शेवट असा होता: ‘आमच्या परसात गोरखपूरची एक विहीर आहे. ती पुढच्या आठवड्यात इतिहास होईल.’

तिने हे वाक्य कोणाला लागावे म्हणून लिहिले नव्हते; विषयाचे शीर्षक पाहूनच लिहिले होते. माझे यजमान बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी ठेकेदाराला फोन लावला व मुरुमाच्या गाड्या नको म्हणून कळवले. खोलीचे भाडे बुडाले, याचा हिशेब अजून आमच्या घरात होतो. मात्र त्या पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी गाळून विहिरीत सोडणारा नळ बसला आणि विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी आली. अण्णा सकाळी जाळीतून खाली डोकावतात व पाणी किती हात आले ते नातीला सांगतात. ती ते वहीत मांडून ठेवते.

मुलीने शेवटचे वाक्य खोडले आहे. त्याऐवजी काय लिहावे, असे तिने मला विचारले. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हटले, “तारीख घाल आणि पाणी किती हात आहे ते लिही. आपल्या गोरखपूरचा भूगोल तेवढ्यात येतो.”