मुद्दल आणि मुदत

वाळूजच्या बजाजनगरात बाबूजींचे किराणा दुकान आहे. 1985 साली येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, मागोमाग इतर कारखाने आले आणि कामगारांच्या वस्तीबरोबर दुकानही वाढत गेले. तेल, डाळ, साखर यांच्या जोडीला गल्ल्याशेजारी गुटख्याच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असत. रात्रपाळीचा कामगार झोप उडावी म्हणून पुडी घेई आणि त्याला सुटे पैसे देता देता बाबूजीही एक पुडी फोडत. चौविहार पाळणारे, कांदा-लसूण वर्ज्य केलेले बाबूजी या एका बाबतीत स्वतःला सवलत देत आले. 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी झाली. माळा उतरल्या, पण तंबाखू-सुपारी सुटली नाही.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी गालाच्या आतील बाजूस कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ 30 दिवसांत 60 ग्रे इतके रेडिएशन झाले. घराने सुटकेचा निःश्वास टाकला. चौदा महिन्यांनी जबड्याखाली पुन्हा गाठ लागली. स्कॅनमध्ये दिसले की ती मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला बिलगली आहे. शस्त्रक्रियेचा मार्ग बंद झाला.

थोरल्या मुलाने फाईल कपाटात ठेवून कुलूप लावले. "बाबूजींना काही सांगायचे नाही," असे त्याने घरात बजावले. आपण पंढरपूर शिवारातला प्लॉट विकू, मुंबईला नेऊ, इम्युनोथेरपी, केमोथेरपी आणि रेडिएशन तिन्ही एकदम देऊ, असा त्याचा निश्चय होता. पुण्याचा धाकटा फोनवरून म्हणत होता, "दादा, आधी विचारू तर या, कशाने काय मिळते ते." भाभींनी मात्र एका संध्याकाळी निमूटपणे किल्ली बाबूजींच्या हातात ठेवली. चाळीस वर्षे ज्याने प्रत्येक उधारी स्वतः वाचली, त्याच्यापासून त्याचेच खाते लपवणे त्यांना पटले नव्हते.

बाबूजींना स्पष्ट बोलता येत नव्हते. संभाजीनगरच्या कर्करोगतज्ज्ञांसमोर त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहिले, "डॉक्टरसाहेब, मुद्दल परत मिळणार, की फक्त मुदत वाढणार?"

डॉक्टरांनी कागद वाचला आणि मुलांकडे न पाहता बाबूजींकडे पाहून उत्तर दिले, "मुदत. पण ती कशी जावी, यात आपल्याला बरेच काही करता येईल."

मग त्यांनी एकेक उपाय समजावला. रेडिएशनचा हिशेब शरीर विसरत नाही. त्वचा, जबड्याचे हाड, रक्तवाहिन्या आणि मज्जारज्जू यांनी पूर्वी घेतलेली मात्रा बऱ्याच अंशी जमा राहते. त्याच जागी पुन्हा किरण द्यायचे, तर उरलेली मर्यादा पाहावी लागते. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे शंभर रुग्णांना केमोथेरपीसह दुसऱ्यांदा रेडिएशन दिले गेले. दोन वर्षांनी त्यांतील चतुर्थांश जण हयात होते. परंतु आठ जणांचा मृत्यू उपचाराच्याच दुष्परिणामांनी झाला. तेव्हापासून किरण अधिक नेमके झाले आहेत आणि गाठ लहान, सुटी, पहिल्या उपचाराला बराच काळ लोटलेला असेल, तर हा मार्ग योग्य ठरतो. बाबूजींची गाठ रक्तवाहिनीला बिलगलेली होती. तेथे पुन्हा किरण दिल्यास ती फुटण्याचा धोका होता.

थोरल्याने विचारले, "मग इम्युनोथेरपी जोडली तर जोर वाढणार नाही का?" डॉक्टर म्हणाले, "औषधांची बेरीज नेहमी बेरीज होतेच असे नाही." डोके-मानेच्या कर्करोगाच्या 697 नव्या रुग्णांवर असा प्रयोग झाला होता. केमोथेरपी व रेडिएशन यांच्यासोबत अॅव्हेलुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले गेले. 2021 मध्ये निष्कर्ष आला की त्याने अपेक्षित लाभ झाला नाही. उलट, शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर पेम्ब्रोलिझुमॅब दिल्याने रोग परतणे लांबते, असे 2025 मध्ये दुसऱ्या अभ्यासातून दिसले. म्हणजे औषध कोणते, यासोबत ते कोणाला आणि कोणत्या क्रमाने, हेही महत्त्वाचे. रोग परतल्यावर तिन्ही एकत्र देण्याचे प्रयोग चालू आहेत. पण प्रयोग म्हणजे सिद्ध उपचार नव्हे.

इम्युनोथेरपीचे तत्त्व सोपे आहे. आपल्या रोगप्रतिकारक पेशींना पीडी-1 नावाचा एक लगाम असतो. कर्करोग तो लगाम ओढून पेशींना थांबवतो; निव्होलुमॅबसारखे औषध लगाम सोडवते. पीडी-1 शोधणारे जपानचे तासुकू होन्जो यांना जेम्स अॅलिसन यांच्यासह 2018 चे नोबेल मिळाले. अडचण किमतीची. पूर्ण मात्रा दर दोन आठवड्यांना 240 मिलिग्रॅम. ती आपल्याकडे फार थोड्या घरांना परवडते.

येथे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे काम उपयोगी पडले. तेथील डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी 151 रुग्णांवर अभ्यास केला. सर्वांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या कमी मात्रेच्या गोळ्या दिल्या. निम्म्यांना त्यासोबत दर तीन आठवड्यांना केवळ 20 मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. 2022 च्या ऑक्टोबरात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत एका वर्षानंतर शेकडा 16 जण हयात होते, इंजेक्शन घेणाऱ्यांत शेकडा 43. गंभीर त्रासही वाढला नव्हता. बारा आठवड्यांचा हिशेब मांडला, तर पूर्ण मात्रा 1440 मिलिग्रॅम होते आणि ही केवळ 80, म्हणजे अठरावा हिस्सा. पूर्ण मात्रेशी थेट तुलना या अभ्यासात नव्हती, हेही डॉक्टरांनी सांगितले.

थोरल्याने कागदावर 43 हा आकडा लिहून त्याखाली रेघ ओढली. बाबूजींनी शेजारी 57 लिहिले. दोन्ही आकडे एकाच पानावर हवेत, हे त्यांनी मुलाला दुकानात शिकवले होते. थोड्या वेळाने त्यांनी खाली लिहिले, "प्लॉट विकू नका. हे औषध घेऊ."

उपचार सुरू झाला, तसे घराचे वेळापत्रक बदलले. नवकारशी पारल्यावर एर्लोटिनिब, कारण ती उपाशीपोटी घ्यायची. तासाभराने पेज आणि सेलेकॉक्सिब. दुसरी सेलेकॉक्सिब सूर्यास्तापूर्वीच्या जेवणानंतर. डॉक्टरांना विचारून वेळा अशा बसवल्या की व्रतही राहिले आणि औषधही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ते चुकून रोज घेतले गेले, तर जिवावर बेतू शकते, म्हणून भाभींनी त्या गोळ्या वेगळ्या डबीत ठेवल्या आणि दिनदर्शिकेवर फक्त रविवारांना खूण केली. अंगावर पुरळ आले, थकवा आला, दोनदा औषध थांबवावे लागले. तिसऱ्या महिन्यात गाठ मऊ झाली. वेदना उतरली आणि बाबूजी सकाळचे दोन तास गल्ल्यावर बसू लागले.

पर्युषण आले. संवत्सरीच्या दिवशी घरातल्यांची क्षमा मागून झाल्यावर त्यांनी थोरल्याला जवळ बोलावले आणि तंबाखूच्या डब्यांकडे बोट दाखवले. थोरला म्हणाला, "बाबूजी, आपण नाही ठेवले तर समोरचा ठेवेल. गिऱ्हाईक तुटेल." त्यांनी लिहिले, "तुटू दे." तंबाखूसाठी येणारा माणूस साबण-चहापत्तीही घेऊन जातो, तो तोटा खरा होता आणि अजूनही आहे.

दहावा महिना चालू आहे. परवा तिसऱ्या पाळीचा एक जुना गिऱ्हाईक पुडी मागायला आला. बाबूजींनी आपली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडाजवळ नेली आणि त्यालाही तसे करण्याची खूण केली. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. त्याची दोनच मावली. थोरल्याने कागदावर शासकीय कर्करोग रुग्णालयाचे नाव लिहून दिले. कामगार म्हणाला, "शेठ, सुट्टी मिळाली की जाईन."

बाबूजींनी कागद परत घेतला, त्यावर वार लिहिला, "सोमवार", आणि त्याच्या हातात दिला. सोमवारी सकाळी थोरला त्याला दुचाकीवर बसवून आमखास मैदानाकडे घेऊन गेला.