रुक्मीचे गाव



पंचेचाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून गळ्यातला टाळ खाली ठेवला आणि हातात लेखणी घेतली. कीर्तनात जे सांगायचे राहून गेले, किंवा खरे म्हणजे जे सांगायची हिंमत झाली नाही, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सप्ताहात रुक्मिणी स्वयंवराचा प्रसंग आला की आमच्याकडचे श्रोते सावरून बसतात. ती आपल्या विदर्भाची लेक ना! वर्धेच्या काठचे कौंडण्यपूर तिचे माहेर. तीच वर्धा पुढे आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या शिवेवरून वाहते. बाप भीष्मक राजा भला माणूस, पण थोरल्या रुक्मीने बहिणीला शिशुपालाच्या घरी द्यायचे ठरवून टाकले. तिने सुदेव ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पत्र धाडले आणि आपले आपण ठरवले. नाथबाबांनी या एका प्रसंगावर अख्खा ग्रंथ लिहिला.

मी मात्र रुक्मीवर जास्त वेळ घालवीत असे. त्याचा तोरा, रथामागची त्याची धाव आणि शेवटी देवाने त्याचे केलेले अर्धवट मुंडण. हा भाग आला की मंडप हसून लोटपोट व्हायचा. मीही हसायचो.

साल २००३. दिग्रसकडच्या एका तांड्यावर सप्ताहाचे बोलावणे आले. बंजारा मंडळी भाविक. सेवालाल महाराजांवर त्यांची जेवढी श्रद्धा, तेवढेच पांडुरंगावर प्रेम. मला वाटले, इथे यांच्या घरचाच दृष्टांत द्यावा. म्हणून त्या रात्री मी वत्सलाबाई नाईकांची गोष्ट सांगितली.

पुसद तालुक्यातले गहुली हे गाव आपल्याला ठाऊक आहे. चतुरसिंग नाईकांनी तांड्याची भटकंती सोडून तिथे शेती धरली आणि गाव वसवले. तांड्याचा प्रमुख तो नाईक. ते पदच पुढे घराण्याचे आडनाव झाले. त्यांचे पुत्र फुलसिंग आणि फुलसिंगांच्या पोटी १ जुलै १९१३ रोजी वसंतराव जन्मले. पोरगा नागपूरला मॉरिस कॉलेजात शिकला, वकील झाला. तिथेच घाटे या ब्राह्मण कुटुंबातल्या वत्सलाबाईंशी त्यांचा स्नेह जुळला आणि १९४१ साली दोघांनी लग्न केले.

१९४१ साल म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगून कळायचे नाही. माझे वडील या लग्नाचा विषय निघाला की तीस वर्षांनंतरही आवाज खाली आणून बोलत. विरोध एकीकडून नव्हता. ब्राह्मणांना वाटले मुलगी गेली, तांड्याला वाटले मुलगा गेला. नागपूरच्या घरात वाढलेली मुलगी गोरमाटी बोलणाऱ्या माणसांत आली. भाषा वेगळी, पेहराव वेगळा, देव बोलावण्याची रीत वेगळी. बंजाऱ्यांत नवरी सासरी निघताना ढावलो म्हणून रडते. माहेराचा निरोप घ्यायला तिथे गाणे तरी आहे. समाजाच्या मनाविरुद्ध निघालेल्या लेकीला कोणते गाणे असते?

त्या आल्या तेव्हा नवरा पुसदचा एक तरुण वकील होता. पुढे १९४६ साली वसंतराव पुसदचे नगराध्यक्ष झाले, १९५२ साली आमदार, मग मंत्री, आणि ५ डिसेंबर १९६३ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री. अकरा वर्षांहून अधिक काळ ते त्या खुर्चीवर होते. मुंबईतला ज्या बंगल्याला आज सारा महाराष्ट्र 'वर्षा' म्हणून ओळखतो, तो मुख्यमंत्र्यांचे घर झाला तो याच जोडप्यामुळे. मुख्यमंत्री झाल्यावरही ते दुसऱ्या बंगल्यात गेले नाहीत.

मोठ्या घराचा उंबरठा मोठा, तसा घोरही मोठा. १९६५ साली पुण्यात भर सभेत वसंतराव म्हणाले की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. सभेने टाळ्या वाजवल्या असतील. पण घरात बसून हे शब्द ऐकणारी एक बाई होती, हे कोणाच्या ध्यानात आले असेल? पुढे १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला आणि १९७२ साली तो दुष्काळ पडला. तेव्हा वारीच्या वाटेवर मराठवाड्यात मी स्वतः पाहिले आहे, लुगड्याचा काष्टा मारून बाया उन्हात खडी फोडीत होत्या आणि लेकरे सुकडीसाठी ओळीत उभी होती. राज्याचा धनी शिव्याही खातो आणि शापही. ते सारे रात्री त्याच्याबरोबर घरी येते आणि घरधनीण ते मुकाट्याने वाटून घेते. १८ ऑगस्ट १९७९ रोजी वसंतराव सिंगापूरला गेले. ज्याच्यासाठी त्यांनी दोन्ही समाजांचा रोष पत्करला होता, तो माणूस परमुलखात देह ठेवून गेला.

घराणे पुढे चालले. पुतणे सुधाकरराव १९९१ साली मुख्यमंत्री झाले. पुसदमध्ये सासऱ्यांच्या नावाने फुलसिंग नाईक महाविद्यालय आहे, आणि मुलींचे महाविद्यालय आहे ते वत्सलाबाईंच्या नावाने. नाईकांच्या तांड्याने परक्या जातीची सून नुसती सामावून घेतली असे नाही. आपल्या लेकींच्या शाळेवर तिचे नाव लिहिले.

हे सारे मी त्या रात्री तांड्यावर सांगितले. "ही आपल्या जिल्ह्याची रुक्मिणी," असे म्हणालो तेव्हा टाळ्यांचा गजर झाला. कीर्तन संपले, पाया पडायला रांग लागली. रांगेत एक म्हातारी होती, कपाळावर गोंदण, हातात कोपरापर्यंत बलोया. पाया पडली आणि तिथेच बसून राहिली.

"महाराज, तुमाले लेकी किती?"

"एकच, माय."

"कोठी देली?"

माउली, कीर्तनात कधी शब्दाला अडलो नव्हतो. त्या दिवशी अडलो. कारण १९९६ साली माझ्या लेकीने अमरावतीला शिकताना दुसऱ्या जातीतला मुलगा पसंत केला होता आणि मी लग्नाला गेलो नव्हतो. आमच्या ज्या लोकांनी मला बोलणी लावायची, त्यांच्या आधी मीच दार लावले होते. चोखोबांचे, जनाबाईंचे, कान्होपात्रेचे चरित्र सांगताना ज्याचे डोळे भरून यायचे, तो मी सात वर्षे पोटच्या पोरीचे नाव घरात घेऊ देत नव्हतो. म्हातारीला म्हणालो, "दिली नाही माय. तिची ती गेली." ती काही बोलली नाही. माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली आणि उठली.

रात्रभर झोप नाही. पडल्या पडल्या तोच प्रसंग डोळ्यांपुढे, पण आता मला हसू येईना. भागवतात रुक्मीचे पुढे काय झाले? बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडण्यपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी त्याने प्रतिज्ञा केली होती. ती पुरी झाली नाही. म्हणून त्याने भोजकट नावाचे नवे नगर वसवले आणि तिथेच राहिला. रुक्मिणीला द्वारका मिळाली. आपले गाव गमावले ते रुक्मीने. पंचवीस वर्षे मी हे सांगत होतो, पण ते मला लागू पडते हे त्या रात्री कळले. लेक आपल्या घरात सुखाने नांदत होती आणि भोजकटात मी राहत होतो.

सकाळी घरी आलो, पंचा खुंटीला लावला आणि घरच्यांना म्हणालो, "अमरावतीला जायचे." ती म्हणाली, "पत्ता मला पाठ आहे. मी दर संक्रांतीला जाते, बहिणीकडे जाते असे सांगून." सात वर्षे माझ्या घरात एक वारी चालली होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

लेकीने दार उघडले. रडली नाही, गळ्यातही पडली नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाली, "बाबा, उशीर केलात." मी म्हणालो, "हो." जावई चहा करीत होता. नातू साडेचार वर्षांचा, त्याने विचारले, हे आजोबा कोण? तिची ती सात वर्षे मला परत देता येत नाहीत. आजही काही गोष्टी ती मला सांगत नाही, आईला सांगते.

आषाढीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक विठोबाची महापूजा करतात. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. तुम्ही आम्ही त्यात पुरुषाचे नाव वाचतो. शेजारी हात जोडून उभी असलेली बाई कोणाचे घर सोडून कोणाच्या घरी आली, हे कोणी विचारत नाही. पंढरीत रखुमाईचे राऊळही वेगळेच आहे. देवाचे दर्शन झाल्यावर आपण तिच्याकडे जातो, तेव्हा घाई असते. यंदा जरा थांबा. ती माहेर सोडून आलेली आहे, एवढे मनात आणा.

आणि ज्याच्या लेकीने आपले आपण ठरवले असेल, त्याने दाराला कडी लावण्याआधी एकदा विचार करावा. कडी आतून लागते, माउली. कोंडून घेतो तो आपणच.

राम कृष्ण हरी.