कान्हेरीचा दगड आणि दात्यांची नावे

मुंबईच्या बोरिवली उपनगरातील राष्ट्रीय उद्यानातून वर चढणारी वाट कान्हेरीच्या टेकडीपाशी पोहोचते. सभोवतालच्या टेकड्या गर्द झाडीने झाकलेल्या आहेत. ही मात्र बरीचशी उघडी आणि काळसर. कृष्णगिरी हे तिचे जुने नाव. शंभराहून अधिक बौद्ध लेणी तिच्या अंगावर कोरलेली आहेत.

लेण्यांच्या भिंतींकडे जवळून पाहिले, तर हा दगड एकसंध नसल्याचे ध्यानात येते. त्यात लहानमोठे, अणकुचीदार कडांचे तुकडे रुतलेले दिसतात. अशा खडकास कोणाश्म, अर्थात ब्रेशिया म्हणतात. नदीने वाहून आणलेले दगड घासून गोल होतात आणि त्यांचा पिंडाश्म बनतो. कोणाश्मातील तुकड्यांच्या कडा शाबूत असतात, कारण ते फुटल्या जागेपासून फारसे दूर गेलेले नसतात. सुमारे सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात ज्वालामुखीचे स्फोट झाले. जुना खडक फुटून उडाला, राखेसह खाली साचला आणि काळाच्या ओघात तीच राख घट्ट होऊन तुकड्यांना बांधणारा चुना ठरली.

घट्ट बसाल्टच्या मानाने हा दगड छिन्नीला लवकर वश होतो. त्यात विहार खोदले गेले, तसेच पावसाचे पाणी साठविणारी टाकीही. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. डोंगरमाथ्यावर पडणारे पाणी लहान चरांवाटे टाक्यांत उतरे आणि पुढे उन्हाळ्यात भिक्षूंच्या उपयोगी पडे.

हा खर्च कोणी केला, तेही दगडावरच लिहिलेले आहे. सोपारा, कल्याण, चौल येथील व्यापारी, सोनार, लोहार आणि अनेक स्त्रिया यांची नावे ब्राह्मी लिपीत आढळतात. तिसऱ्या क्रमांकाच्या भव्य चैत्यगृहाचे काम इ. स. च्या दुसऱ्या शतकात, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, व्यापारी भावांनी हाती घेतले. काहींनी केवळ लेणे देऊन हात आखडला नाही. मुद्दल कायम राहावे आणि व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व इतर गरजा भागाव्यात, अशी 'अक्षयनीवी' नेमून दिली. आजच्या विश्वस्त निधीची रीत त्या व्यापाऱ्यांना पूर्ण अवगत होती.

परंतु ज्या मऊपणामुळे हे दान कोरता आले, तोच त्याच्या मुळावरही आला आहे. पावसाने राखेचा बांध झिजतो, तुकडे सुटतात आणि त्यांच्याबरोबर अक्षरेही जातात. कित्येक लेखांत दात्याचे गाव वाचता येते, नाव येत नाही. कोठे दान उरले आहे, दाता पुसला गेला आहे.

पावसाची झीज कोणास थांबविता येत नाही. हातांची मात्र थांबविता येते. पर्यटकांनी ओरखडून ठेवलेली नावे ठिकठिकाणी दिसतात. ज्यांनी काहीही दिले नाही त्यांची नावे, ज्यांनी सर्व काही दिले त्यांच्या नावांशेजारी. सोमवारी लेणी बंद असतात. इतर दिवशी सकाळी लवकर मुलांसह जावे, भिंतीतील कोनदार तुकडे त्यांना दाखवावेत, आणि लेखाच्या अक्षरांवरून बोट फिरवू देऊ नये.