लाह्यांपाशी उभे राहावे

जत,
श्रावण शुद्ध तृतीया

चि. इंदूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल दुपारी पोचले, आणि त्यातले "यंत्र लावले की आपण मोकळे, तेवढ्यात मी गच्चीवरचे कपडे काढून आणते" हे वाक्य वाचल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. मक्याच्या लाह्या फोडायचे गरम हवेचे यंत्र घेतलेस याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु तापल्या कामावरून गैरहजर राहण्याची ही रजा तुला कोणत्या कचेरीतून मंजूर झाली? अक्का लाह्या भाजायला बसली म्हणजे दारी मामलेदार आला तरी उठत नसे, हे तू पाहिले आहेस.

निम्मे दाणे गणंग का राहतात, एवढाच तुझा प्रश्न. अग, दाणा फोडते ते त्याच्याच पोटातले पाणी! मक्याच्या दाण्यात शेकडा १४ च्या आसपास ओल असली आणि कवच अभंग असले, म्हणजे सुमारे १८० अंश सेल्सिअसला त्या ओलीची वाफ आत कोंडून कवच फुटते व पिठूळ गर फुलून बाहेर येतो. ओलच उडून गेली असेल तर दाणा करपेल, फुलणार नाही. तुझे पाकीट उघडे पडले असणार. ते दाणे बरणीत घालून चमचाभर पाणी शिंपड, झाकण घट्ट लावून हलव, आणि दोन-तीन दिवस राहू दे. नागपंचमीच्या लाह्यांसाठी आपल्याकडे बारीक ज्वारी गरम पाण्यातून काढून रात्रभर फडक्यात बांधून ठेवतात, त्यातले मर्म हेच. आणि ती ज्वारी तुझ्या मक्याहून सर्वतोपरी श्रेष्ठ, हे मी सरकारदरबारी लेखी द्यायला तयार आहे. (मालदांडीच्या नादी लागू नकोस, ती भाकरीची.) मात्र यंत्रात ज्वारी घालू नकोस, हलका दाणा फुलण्याआधीच झोताने बाहेर उडतो. तिला लोखंडी कढई आणि फडक्याचा बोळाच हवा.

आणि चव यावी म्हणून तू यंत्रात तेल सोडलेस! गरम हवेच्या यंत्रात तेल किंवा लोणी गेले, की ते तापत्या तारेपर्यंत झिरपून धूर होतो, प्रसंगी पेटतेही. मीठ-लोणी काय ते परातीत. दाणे सोबतच्या मापानेच घाल, कारण जास्त झाले तर ते फिरत नाहीत आणि तळचे जळतात. रिकामे यंत्र तापवू नये. तोंडाशी वाकून पाहू नये, तापलेला दाणा डोळ्यावर यायला उशीर लागत नाही. दोन फुटण्यांत दोन-तीन सेकंदांचे अंतर पडू लागले की बटण बंद करावे, आणि हे कानाने ऐकायचे असते, गच्चीवरून नव्हे! दुसरा घाणा यंत्र निवल्यावर. असली यंत्रे हजार-बाराशे वॅट ओढतात. ते दिवाणखान्यातल्या त्या जुनाट लांब वायरीवर चालवतेस की काय, या विचाराने मला रात्री झोप नाही.

त्यातून बाळ अजून तीन वर्षांचा. पॉपकॉर्न श्वासनलिकेत अडकण्याचे भय असते, म्हणून चार वर्षांच्या आत ते देऊच नये असे बालरोगतज्ज्ञ बजावतात. त्याला लाह्यांचे पीठ ताकात कालवून दे. ते मी इथून पाठवीन. यंत्राची वायर ओट्यावरून लोंबती असेल तर आजच्या आज वर घे, आणि घेतलीस असे उलट टपाली कळव.

तुझा
मामा