ओटा कार्डात नाही

आमच्या फळियात, म्हणजे आळीत, तीसेक घरं असतील. प्रत्येक घराला पुढे ओटा आहे, एक आमचं सोडून. आणि घर बांधायची परवानगी रीतसर मागणारेही साऱ्या फळियात आम्ही एकटेच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मी कुणालाही कागदपत्रांनिशी दाखवून देईन. घर उभं राहिलं, वास्तुशांत झाली, लोक जेवून गेले, तरी माझा राग काही जात नाही.

गाव पादरा तालुक्यातलं. बडोद्याहून जंबुसरच्या रस्त्याने पादरा गाठायचं आणि तिथून महीकडे वळायचं. आजोबा गायकवाडी अमलात पादऱ्याला वहिवटदाराच्या कचेरीत कारकून होते. १ मे १९४९ ला बडोदं मुंबई राज्यात गेलं, वहिवटदाराचा मामलतदार झाला, आजोबा मात्र घेतलेलं घर सोडून कुठे गेले नाहीत. वडील आणि मी नोकरीपायी बडोद्यात. आई गावीच राहते, तिला शहरात करमत नाही. सागवानी खांब, मातीच्या भिंती, वर कौलं असं ते घर. वाळवीने मधली तुळई आतून खाल्ली आणि एका पावसाळ्यात ती माजघरात झुकली, तेव्हा आता डागडुजीने भागणार नाही हे आईनेही मान्य केलं.

गामतळात, म्हणजे तुमच्या गावठाणात, घर बांधायचं तर पंचायतीची रजाचिठ्ठी लागते. कायदा आहे. फळियात ती कुणीच काढलेली नाही. पद्धत अशी: पुढची एक भिंत उभी ठेवायची, हिरवी जाळी बांधायची आणि विचारलंच कुणी तर ‘रिपेरिंग’ सांगायचं. गिलावा, फरशी, कौलं बदलणं यांना परवानगी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. जाळी सुटते तेव्हा आत दोन स्लॅब पडलेले असतात आणि ती राखलेली भिंतही केव्हाच गेलेली असते. आमच्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याने असंच दुमजली घर बांधलं. त्याची बाल्कनी रस्त्यावर इतकी पुढे आली आहे की गणपतीची मिरवणूक निघाली की तिच्याखाली मूर्ती जरा वाकवून न्यावी लागते.

मग आम्हालाच रजाचिठ्ठीची उठाठेव का? कर्जासाठी. बँकेला मंजूर नकाशा हवा, रजाचिठ्ठी हवी आणि जागेचा पुरावा हवा. पुरावा म्हणून आमच्याकडे पंचायतीचं आकारणी पत्रक आणि घरवेऱ्याच्या, म्हणजे घरपट्टीच्या, पावत्यांची चळत. बँकेतली मुलगी हसून म्हणाली, हे चालत नाही, प्रॉपर्टी कार्ड आणा. ते होतं. केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावावरून ड्रोन फिरला होता, त्याआधी घराघराच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. २०२० मध्ये योजना सुरू झाली तेव्हाच सांगितलं होतं की गावातल्या माणसाला आता घरावर कर्ज मिळेल. ते शब्दशः खरं आहे, मला मिळालं. चुना पडला तेव्हा आई माझ्याकडे बडोद्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आली होती. कार्ड आलं, आईने ते देवघराच्या फडताळात ठेवलं. नकाशा कोण बघतंय?

नकाशा पहिल्यांदा बघितला तो पंचायतीत. तलाटी म्हणजे पंचविशीतली एक बेन, तिच्याकडे तीन गावं, त्यामुळे आमच्या गावाच्या वाट्याला आठवड्यातले ठरावीक दिवस. बोलायला साधी, कामाला चोख. तिने आमच्या इंजिनीअरचा नकाशा टेबलावर पसरला, शेजारी कार्ड ठेवलं, दोन्हींवर पट्टी लावली आणि म्हणाली, “काका, ओटलो कार्डमां नथी.”

मला आधी कळलंच नाही. तिने पेन्सिलीने दाखवलं. चुन्याची रेघ भिंतीच्या कडेने गेली होती. ओटा रेघेच्या बाहेर. बाहेर म्हणजे रस्त्यात. आणि रस्त्यात म्हणजे दबाण, आपल्याकडे ज्याला अतिक्रमण म्हणतात ते.

हा ओटा जेमतेम अडीच फूट रुंद. काळ्या दगडाची कडा, मध्ये शहाबादी, उजव्या कोपऱ्यात दगडात बसवलेली एक लोखंडी कडी. आजोबांच्या आधीच्या मालकाची घोडी तिथे बांधत, असं आई सांगते. पुढे म्हैस, मग माझी सायकल. दरसाल वापरून कडीने दगडात अर्धवर्तुळ कोरून काढलं होतं, त्यात बोट ठेवलं तर निम्मं आत जायचं. जो ओटा काल-परवा रस्त्यावर सरकवला, त्याच्या दगडात अशी खाच पडत नाही. पण खाच नकाशावर येत नाही.

मी मूळ खरेदीखताची नक्कल काढून आणली. त्यात चतुःसीमा दिल्या आहेत: पूर्वेला ‘ओटल्यासहित, त्यापुढे सार्वजनिक रस्तो’. गायकवाडी स्टँपपेपर, घोटीव गुजराती अक्षर. मला वाटलं, जिंकलो. बेनने तो शांतपणे वाचला, चांगला आहे म्हणाली, आणि परत दिला. खत असलं तरी मी कार्डाप्रमाणे चालणार. कार्ड चुकलं असेल तर मोजणीवाल्यांकडे दुरुस्तीचा अर्ज करा, ते चौकशी करतील, शेजाऱ्यांना नोटिसा जातील, पंचनामा होईल. किती दिवस? ते त्यांना विचारा. बँकेच्या मंजुरीपत्रावर मुदत छापलेली होती. मिस्त्रीने पावसाळ्याआधी पाया काढायचा म्हणून माणसं धरून ठेवली होती. आई शेजारच्यांच्या ओसरीवरच्या खोलीत, सामान गोण्यांमध्ये.

मी म्हटलं, बेन, फळियात सगळ्यांचेच ओटे पुढे आहेत. त्यांच्या कार्डांत आहेत का?

“बधाना बहार ज छे,” ती म्हणाली. सगळ्यांचेच बाहेर आहेत.

मग?

“एमणे अरजी नथी करी ने.” त्यांनी अर्ज केलेला नाही ना!

यात ती उपरोधाने बोलत नव्हती. तिच्यापुढे ज्याचा कागद आला, त्याचंच माप तिने घ्यायचं. ज्यांनी कागदच दिला नाही त्यांच्या बाल्कन्या मिरवणुकीच्या डोक्यावर लोंबकळू देत, त्या तिच्या टेबलावर नाहीत. पुढच्या बैठकीत ठराव झाला: नकाशा मंजूर, अट एक, काम सुरू करण्याआधी रस्त्यावरचं दबाण अर्जदाराने स्वखर्चाने दूर करावं. त्या बैठकीत बाल्कनीवाला शेजारीही सदस्य म्हणून बसला होता. बाहेर आल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तमे अरजी करी ज शुं काम?” तुम्ही अर्ज केलातच कशाला? त्याला खरंच वाईट वाटत होतं, हे मला जास्त लागलं.

इथे कुणी म्हणेल, अडीच फुटांसाठी एवढं काय. त्याला मी म्हणेन, अडीच फुटांचा प्रश्न नाही, नियम कुणाला लागतो याचा आहे. गुजरातेत शहरांतून अनधिकृत बांधकाम नियमित करायला इम्पॅक्ट फीचा कायदा आहे. २०११ चा होता, २०२२ मध्ये पुन्हा आला, १ ऑक्टोबर २०२२ आधीची बांधकामं त्यात बसतात. मुदत संपते, वाढते, संपते, वाढते. बडोद्यात माझ्या मावसभावाने गच्चीवर खोली चढवली होती, फी भरून ती पक्की झाली. रस्त्यावरचं अतिक्रमण त्या कायद्यातही माफ नाही, हे मला माहीत आहे. माझा ओटा त्यातही सुटला नसता. पण जो आधी बांधतो आणि मग पैसे भरतो त्याची खोली राहते, आणि जो आधी विचारतो त्याचा ओटा जातो, हा न्याय कुठला? परवानगी मागणारा हाच पहिला आरोपी होत असेल, तर मागेल कोण?

असं मी बऱ्याच जणांना बोलून दाखवलं. पारावर, बँकेत, रणूच्या तुळजाभवानीला गेलो तेव्हा देवीच्या रांगेतसुद्धा.

आणि मग ९ जुलै २०२५ उजाडली. सकाळी गंभीरा पूल पडला. मुजपूर म्हणजे आमच्याच तालुक्यातलं गाव, तिथून महीवरून पलीकडे आणंद जिल्ह्यात जाणारा, १९८५ पासून वापरात असलेला पूल. मधला गाळा वाहनांसकट नदीत गेला, वीसहून अधिक माणसं मेली. तुटलेल्या टोकावर एक टँकर अर्धा बाहेर लोंबकळत कितीतरी दिवस तसाच राहिला, तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. आमच्या गावातली पोरं त्याच पुलाने रोज कामाला जात. पूल हलतो, खड्ड्यांतून सळया दिसतात, असं लोक वर्षानुवर्षं ओरडत होते.

तेव्हा माझा पाया भरून झाला होता. गावात जो तो म्हणत होता, पुलाकडे कुणी बघितलं नाही आणि यांच्या ओट्याला पट्टी लावली. मीही तेच म्हटलं, आणि मोठ्याने म्हटलं. पण रात्री वाटलं, हे बोलणं फसवं आहे. पुलाला कुणी त्या बेनसारखी पट्टी लावली असती, कागद आणि वस्तुस्थिती शेजारी ठेवून ‘हे जुळत नाही’ म्हटलं असतं, तर? राजकोटला २५ मे २०२४ ला गेमझोन जळाला, सत्तावीस जीव गेले. तिथेही कुणी वेळेवर कागद मागितला असता तर? आमच्या इंजिनीअरला मी कॉलमच्या सळया कमी करायला सांगत होतो, तो ऐकला नाही, कारण नकाशावर त्याची सही आहे. २००१ च्या भूकंपात गुजरातने किती इमारती पत्त्यासारख्या पडताना पाहिल्या! म्हणजे मोजायला हवं, हे मला पटतं. माझंच का, हे अजून पटत नाही. दोन्ही एकाच डोक्यात राहतात, काय करू?

ओटा फोडायला मिस्त्रीची दोन माणसं आणि एक सकाळ पुरली. कडी मी ठेवून घेतली. दगड बाजूच्या गल्लीतल्या एकाने मागितला, त्याला दिला, त्याने तो स्वतःच्या ओट्याला लावला. पायऱ्या आम्हाला आत घ्याव्या लागल्या, त्यामुळे पुढची खोली आखूड झाली आणि आईचा पलंग तिथे आडवा बसत नाही. ती संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची बाहेर काढून बसते. खुर्चीला अजून कुणी दबाण म्हटलेलं नाही. खरं सांगायचं तर ट्रॅक्टर आता आमच्या दारावरून सरळ जातो, पूर्वी तिथेच अडायचा. मागच्या घरच्या बाळंतिणीला न्यायला १०८ थेट आत आली, ती आमच्या पुढच्या मोकळ्या जागेतूनच वळली. हे मी शेजाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, मग चांगलंच झालं की. त्याची बाल्कनी आहे तिथेच आहे.

कार्ड दुरुस्तीचा अर्ज मी तरीही केला आहे. ओटा नाही, पण जागा माझी आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे दूरचं वाटू नये. गावठाणं ड्रोनने मोजायची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीपासून, आपल्याकडेच झाली, आणि गावोगाव सनदा वाटल्या जात आहेत. पुण्या-मुंबईत राहून गावच्या घराला कुलूप घातलेली मंडळी पुष्कळ आहेत. चुना पडेल त्या दिवशी घरचं कुणीतरी तिथे उभं राहा, ओटा, पडवी, न्हाणी, जे काय आपलं आहे ते रेघेच्या आत घ्यायला लावा, आणि सनद हातात आली की फडताळात टाकण्याआधी नकाशा उलगडून बघा. हरकत घ्यायची ती तेव्हाच. नंतर बँक, पंचायत, मोजणी, सगळे तुमचं ऐकून घेतील, आणि कार्डाकडे बोट दाखवतील.